अनुक्रमाचे प्रामाण्य : लिनक्समधील फाइलनामांचा क्रम आणि लोकेल-संकेत

१

कोशातील अर्थनिर्णयाची चिकित्सा आपण जितक्या आस्थेने करतो, तितक्या आस्थेने कोशातील अनुक्रमाची चिकित्सा सहसा करीत नाही. अनुक्रम ही केवळ सोयीची बाब आहे, वाचकाला शब्द चटकन सापडावा एवढाच तिचा हेतू, अशी आपली समजूत असते. परंतु सोय कोणाची आणि कोणत्या नियमाने, हा प्रश्न विचारला की त्या समजुतीचा पाया डळमळू लागतो. शब्द कोठे शोधावयाचा हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो शब्द कोशात नसल्यासारखाच असतो. म्हणून अनुक्रम हा अस्तित्वाविषयीचा एक निर्णय होय, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

ह्या प्रश्नाला अलीकडे एक नवे रूप प्राप्त झाले आहे. संशोधकाची टाचणे, हस्तलिखितांच्या पानांची छायाचित्रे, शब्दसूच्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती हे सारे आता संगणकावर फाइलींच्या रूपाने राहते, आणि त्यांचा अनुक्रम लावण्याचे काम आपण न सांगताच यंत्र करीत असते. प्रस्तुत टिपणात लिनक्स ह्या संगणकप्रणालीपुरता विचार केला आहे. ह्या प्रणालीत फाइलींच्या नावांचा क्रम ‘लोकेल’ नावाच्या एका संकेतसमूहावर अवलंबून असतो. तो संकेत बदलला की त्याच फाइली दुसऱ्या क्रमाने उभ्या राहतात. हा गुण की दोष, आणि अभ्यासकाने त्यावर कितपत विसंबावे, एवढाच येथील विषय आहे.

विषयाकडे वळण्यास एक साधे निमित्त घडले. एका ग्रंथाच्या दोन प्रतींतील शब्दांच्या दोन याद्या आमच्याकडे तयार झाल्या होत्या. एक यादी एका संगणकावर क्रमाने लावली होती, दुसरी दुसऱ्या. दोन्हींतील समान शब्द काढण्यासाठी ‘जॉइन’ ही आज्ञा वापरली. यादी क्रमाने नाही, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटली. पण याद्या तर आम्ही स्वतः क्रमाने लावलेल्या होत्या, म्हणून तिकडे दुर्लक्ष केले. निष्पन्न झालेल्या यादीवरून अमुक शब्द दुसऱ्या प्रतीत आढळत नाहीत, असे विधान करण्याच्या बेतात आम्ही असताना, त्यांपैकी एक शब्द प्रतीच्या पानावरच दृष्टीस पडला. शब्द प्रतीत होते, दोन्ही याद्यांतही होते. दोन्ही याद्या आपापल्या नियमाने क्रमशुद्धही होत्या. मात्र तो नियम एक नव्हता. ‘जॉइन’ची रीत अशी की, दोन्ही याद्या एकाच क्रमाने लागल्या आहेत असे गृहीत धरून ती एकेक ओळ पुढे सरकते. मागे टाकलेल्या ओळीकडे ती पुन्हा पाहत नाही. संशोधनात ‘आढळत नाही’ हे विधान किती जपून करावयाचे असते हे सर्वांस ठाऊक आहे. येथे ते विधान आमच्या नकळत यंत्राचा एक संकेत करीत होता.

२

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. लिनक्समध्ये फाइली ज्या डिरेक्टरीत राहतात, तिच्यात मुळात वर्णानुक्रम नसतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उदाहरणार्थ, लिनक्सवर सर्रास आढळणाऱ्या ‘एक्स्ट-४’ ह्या साठवणपद्धतीत नावे ज्या क्रमाने बाहेर येतात, त्याचा संबंध शोधाच्या सोयीसाठी केलेल्या एका गणिती आकड्याशी असतो. वाचकाच्या दृष्टीने तो क्रम निरर्थक असतो. आपण ‘एलएस’ ही आज्ञा देतो तेव्हा ती आज्ञा नावे गोळा करते, त्यांची आपसांत तुलना करते, आणि मग ती मांडून दाखविते. म्हणजे अनुक्रम हा संग्रहाचा गुणधर्म नाही. तो प्रत्येक वाचनाच्या क्षणी नव्याने निर्माण होतो. क्रम न लावता नावे दाखव, असेही त्या आज्ञेस सांगता येते, आणि एकदा तसे सांगून पाहणे प्रत्येक अभ्यासकास उद्बोधक ठरेल.

ही तुलना कोणत्या नियमाने करावयाची ते लोकेल ठरवितो. लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश ह्यांना धरून ठरविलेल्या संकेतांचा संच. दिनांक कसा लिहावयाचा, दशांशचिन्ह कोणते, संदेश कोणत्या भाषेत द्यावयाचे, आणि अक्षरांचा क्रम काय, हे त्यात येते. ही कल्पना १९८९ साली प्रमाणित झालेल्या ‘सी’ ह्या संगणकभाषेत व १९९२ च्या ‘पॉसिक्स’ प्रमाणात स्थिरावली. क्रमापुरते पाहता तीन नावे महत्त्वाची आहेत : ‘लँग’, ‘एलसी-कोलेट’ आणि ‘एलसी-ऑल’. पहिले सर्वसाधारण इच्छा सांगते. दुसरे केवळ अनुक्रमापुरते पहिल्यावर मात करते. तिसरे दिले असेल, तर बाकीच्या दोहोंना विचारतो कोण! ही मूल्ये फाइलींसोबत राहत नाहीत. ती वाचणाऱ्याच्या सत्रासोबत राहतात. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना पुष्कळ ठिकाणी ती पाहुण्याबरोबर प्रवासही करतात. त्यामुळे एकाच यंत्रावरील एकच डिरेक्टरी दोघांनी एकाच क्षणी पाहिली, तरी दोघांना ती दोन क्रमांनी दिसू शकते.

ह्या संकेतांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत रुक्ष संकेत म्हणजे ‘सी’ हा लोकेल. त्यात भाषेचा विचार नसतो. नावातील बाइटांचे आकडे पाहावयाचे आणि लहान आकडा आधी घ्यावयाचा, एवढाच नियम. रोमन लिपीतील मोठी अक्षरे ६५ ते ९० व लहान अक्षरे ९७ ते १२२ ह्या आकड्यांवर असल्यामुळे, मोठ्या ‘झेड’ने सुरू होणारे नाव लहान ‘ए’ने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी येते. ह्या मांडणीमागे इतिहास आहे. ‘ॲस्की’ ह्या संकेतकोष्टकाच्या १९६३ च्या आवृत्तीत लहान अक्षरे नव्हतीच. ती १९६७ च्या आवृत्तीत पुढील मोकळ्या जागी बसविण्यात आली. त्या अपघातातून एक रूढीही निर्माण झाली. ‘रीडमी’, ‘मेकफाइल’ अशी महत्त्वाची नावे मोठ्या अक्षराने सुरू करावयाची, म्हणजे ती यादीच्या शिरोभागी येतात, असा प्रघात कार्यक्रमलेखकांत पडला. अमेरिकन इंग्रजीचा लोकेल लावला की ही नावे खाली उतरून इतरांत मिसळतात, कारण तेथे आधी अक्षर पाहावयाचे आणि लहानमोठेपणाचा विचार अगदी शेवटी करावयाचा, असा नियम आहे.

३

लोकेलच्या बाजूने जे बोलता येते, ते आधी पूर्णपणे मांडले पाहिजे. अक्षराला स्वतःचे असे स्थान नसते, ते त्याला भाषिक समाज देतो, हे सत्य लोकेलच्या कल्पनेने मान्य केले आहे. दोन ठिपके डोक्यावर घेतलेला ‘ए’ जर्मन शब्दकोशात साध्या ‘ए’च्या सोबत राहतो, स्वीडिश कोशात तोच ‘झेड’च्या पलीकडे जातो. चिन्ह एकच, संकेतांक एकच, पण स्थाने दोन. स्पॅनिश भाषेत ‘सीएच’ व ‘डबल एल’ ह्या जोड्यांना स्वतंत्र अक्षरांचा मान होता. स्पॅनिश अकादमींच्या संघाने १९९४ साली तो क्रमापुरता काढून घेतला आणि त्या जोड्या अनुक्रमे ‘सी’ व ‘एल’ यांच्या पोटात घातल्या. शब्दांचा अर्थ बदलला नाही, लेखन बदलले नाही. तरी कोशातील पाने मात्र हलली.

अशा नियमांची सांगड घालण्यासाठी आयएसओ १४६५१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तयार झाले, आणि लिनक्सवरील ‘ग्नू सी लायब्ररी’ त्याचाच आधार घेते. त्याची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर मूळ अक्षरे ताडावयाची, ती सारखी निघाल्यास दुसऱ्या पायरीवर स्वराघातादी चिन्हे, त्यानंतर लहानमोठेपणा. म्हणजे शब्दांमधील भेदांत प्रमुख भेद कोणता आणि गौण कोणता, ह्याचा विवेक ह्या पद्धतीत आहे. बाइटांच्या क्रमात असा विवेक संभवत नाही. ह्या दृष्टीने पाहता, लोकेल ही यंत्राने भाषेला दिलेली एक मोलाची सवलत आहे.

४

आता आपल्या लिपीकडे वळू. युनिकोडमध्ये देवनागरीला जी संकेतांकांची ओळ मिळाली आहे, ती भारतीय प्रमाण ‘इस्की’च्या १९८८ च्या मांडणीवरून घेतलेली आहे. त्या मांडणीचा उद्देश सर्व भारतीय लिपींची कोष्टके समांतर ठेवण्याचा होता. म्हणून जेथे द्राविडी लिपींत ‘ळ’ व ‘ऴ’ हवे होते, तेथे ते ‘ल’च्या शेजारी बसविले गेले आणि देवनागरीतही ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आली. कोष्टकाच्या दृष्टीने ही रचना सयुक्तिक आहे. परंतु ती मराठी मुलाने पाठ केलेली वर्णमाला नव्हे. तीत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो.

‘सी’ लोकेल मात्र हे कोष्टकच वर्णमाला समजून चालतो. यूटीएफ-८ ह्या लेखनपद्धतीत बाइटांचा क्रम आणि संकेतांकांचा क्रम एकच राहतो, त्यामुळे परिणाम अगोदर सांगता येतो. पुढील नावांच्या फाइली घ्या. ‘सी’ लोकेलमध्ये त्या ह्याच क्रमाने उभ्या राहतील : कंकण, कमळ, कलम, कळस, कवच, कहर, काजळ, कौल, क्रम, क्षमा, खडू. वर्णमालेच्या शिस्तीने ‘कळस’ हा ‘कहर’च्या नंतर यावयास हवा होता, तो चार पावले चालून येण्याऐवजी ‘कलम’ला चिकटला आहे. ‘कंकण’ आरंभीच आले आहे, कारण अनुस्वाराचा संकेतांक सर्व स्वरव्यंजनांच्या आधीचा आहे. आपल्या बाराखडीत मात्र ‘कं’ हा ‘कौ’च्या नंतर म्हटला जातो. ‘क्षमा’ ही ‘क’च्या पोटात गेली आहे, कारण यंत्राच्या लेखी ‘क्ष’ नावाचे अक्षर नाही. क, हलन्तचिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे आहेत.

येथे घाईने यंत्राला दोष देण्याचा मोह होतो; तो आवरला पाहिजे. ‘क्ष’ला ‘क’खाली घालणे ही संस्कृत कोशांची प्रतिष्ठित रीत आहे. वामन शिवराम आपटे ह्यांच्या १८९० च्या कोशात ‘क्षमा’ पाहावयाची तर ती ‘क’ ह्या वर्णाच्या अखेरीसच पाहावी लागते. म्हणजे यंत्राने दिलेला क्रम एका परंपरेत अशुद्ध, तर दुसऱ्या परंपरेत शुद्ध आहे. अनुस्वाराचीही तीच कथा आहे. ‘अंक’ हा शब्द परसवर्णाने ‘अङ्क’ असा लिहिला की त्याची जागा ङकारापाशी जाते. अनुस्वाराने लिहिला की तो अकाराच्या शिरोभागी येतो. मग मराठीचा क्रम कोणता? शाळेतील वर्णमालेचा, बाराखडीचा, की संस्कृत कोशांचा? तिघांचा एकमेकांशी पूर्ण मेळ नाही. यंत्राने आपली विसंगती निर्माण केली नाही, ती उघडी पाडली. लोकेलच्या टीकाकारांनी व समर्थकांनीही ह्या मुद्द्याची दखल घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तथापि काही ठिकाणी यंत्राचा क्रम कोणत्याही परंपरेत बसत नाही. काव्यशास्त्राच्या टाचणांची एक डिरेक्टरी कल्पू या. तीत अभिनवगुप्त, ॲरिस्टॉटल, क्षेमेंद्र, मम्मट व हेगेल अशी पाच नावे आहेत. ‘सी’ लोकेल ती अशी मांडील : अभिनवगुप्त, क्षेमेंद्र, मम्मट, हेगेल, ॲरिस्टॉटल. ॲरिस्टॉटल सर्वांच्या शेवटी का? कारण ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले आणि तोपर्यंत भरलेल्या ओळीत त्याला ‘ह’च्या, इतकेच नव्हे तर देवनागरी अंकांच्याही, पलीकडची जागा मिळाली. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ ह्यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले, ते स्वरांमध्ये. यंत्राच्या ओळीत मात्र हा स्वर उशिरा आलेल्या पाहुण्याप्रमाणे दाराशीच उभा आहे. तोच उच्चार कोणी ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी लिहिला असेल, तर ते नाव पुन्हा अकारात परत जाते. वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही लेखने बहुधा सारखीच दिसतात, फाइली मात्र यादीच्या दोन टोकांस असतात.

‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ अशा शब्दांतील ‘ऱ’ ह्याहून सूक्ष्म अडचण उत्पन्न करतो. तो एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. युनिकोड ही दोन्ही रूपे समतुल्य मानते; लिनक्सची साठवणपद्धती सामान्यतः मानीत नाही, ती केवळ बाइट पाहते. त्यामुळे एकाच डिरेक्टरीत ‘दऱ्या’ ह्या एकाच दृश्य नावाच्या दोन फाइली निर्वेधपणे नांदू शकतात, आणि बाइटांच्या क्रमात त्या दोन जागी बसतात.

आकड्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. ‘पान-१’, ‘पान-१०’, ‘पान-२’ असा क्रम लागतो, ह्याचे कारण तुलना चिन्हागणिक होते, संख्येने होत नाही. ‘सॉर्ट’ व ‘एलएस’ ह्या आज्ञांत संख्या ओळखून क्रम लावण्याची सोय आहे खरी. परंतु ती रोमन अंकांचीच ओळख ठेवते. देवनागरी अंक तिच्या दृष्टीने इतर अक्षरांसारखेच असतात. तेव्हा ज्याने हस्तलिखिताच्या छायाचित्रांना मातृभाषेच्या अभिमानाने देवनागरी आकडे दिले, त्याचे दहावे पान दुसऱ्या पानाच्या आधी येणार, आणि ती सोय त्याच्या मदतीस धावणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, ‘सी’ सोडून भाषेचा लोकेल लावावा म्हणजे झाले. पण कोणत्या भाषेचा? आपल्यापैकी अनेकांच्या संगणकांवर अमेरिकन इंग्रजीचा लोकेल असतो. तो देवनागरी नावांना बाइटांचा क्रम देत नाही, आणि मराठी क्रमही देत नाही; आयएसओ प्रमाणातील सर्व लिपींसाठी केलेला सामायिक क्रम देतो. लिनक्समध्ये मराठीचा स्वतंत्र लोकेल आहे. त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असून ते कोणासही वाचता येतात. परंतु नियम उघडे असणे आणि ते तपासले जाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

५

लोकेलवरील आमचा मुख्य आक्षेप ह्याहून निराळा आहे. भाषेचा क्रम ही समाजाची गोष्ट असते व समाज तो मधूनमधून बदलतो, हे वर आलेच. ज्या नियमावलीवर यंत्राचा क्रम उभा असतो, तीही बदलते. मात्र तो बदल कोणाला कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ग्नू सी लायब्ररी’ची २.२८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत आयएसओ १४६५१ च्या नव्या तक्त्यांचा स्वीकार करण्यात आला. पूर्वीच्या नियमात जोडरेघेसारखी विरामचिन्हे पहिल्या पायऱ्यांवर दुर्लक्षिली जात. नव्या नियमात ती मोजली जाऊ लागली. अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये पूर्वी ‘११’ आधी व ‘१-१’ नंतर येत असे, रोमन अंकांत लिहिले असता. आता ‘१-१’ आधी येते. मराठीत अशी नावे कमी नाहीत. ‘घर-जावई’ जोडरेघेने आणि ‘घरकाम’ सलग लिहिले असता, रेघ मोजावी की न मोजावी ह्यावर त्यांचे पौर्वापर्य ठरते. आमच्या दोन याद्यांतील घोटाळ्याचे मूळही अखेर अशाच शब्दांत सापडले.

हा केवळ यादीच्या देखणेपणाचा प्रश्न नाही. पोस्टग्रेस ही माहितीसंग्रहप्रणाली आपल्या शब्दानुक्रमणिका ह्याच लायब्ररीच्या क्रमाने रचून ठेवू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी तशा त्या रचल्या होत्या. जुन्या नियमाने रचलेली अनुक्रमणिका नव्या नियमाने चाळू लागले की नोंद असूनही ती सापडेनाशी होते. जे एकच असावयास हवे ते दोनदा नोंदले जाऊ शकते. डेबियनची दहावी आवृत्ती व रेड हॅटची आठवी आवृत्ती, दोन्ही २०१९ मधील, ही नवी लायब्ररी घेऊन आल्या. तेव्हा अनुक्रमणिका नव्याने रचून घेण्याची सूचना संग्रहपालांना द्यावी लागली. १९९४ चा स्पॅनिश निर्णय सभेत झाला, प्रसिद्ध झाला, कोशांच्या नव्या आवृत्त्यांतून वाचकांपर्यंत गेला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम आले, तेव्हा अनुच्चारित अनुस्वार गळाले आणि कित्येक शब्दांची रूपे पालटली. पण ते नियम वादासह सर्वांसमोर होते. जुनी प्रत जुन्या नियमाची हे मुखपृष्ठावरील सालावरून कळते. फाइलींच्या यादीवर असे साल नसते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बॅश ह्या आज्ञावाचकात चौकटी कंसात लहान ‘ए’पासून लहान ‘झेड’पर्यंत असा पल्ला देता येतो. पूर्वी तो पल्ला लोकेलच्या क्रमाने मोजला जाई. लहान ए, मोठा ए, लहान बी, मोठा बी असा क्रम असलेल्या लोकेलमध्ये त्या पल्ल्यात मोठा ‘झेड’ सोडून सारी मोठी अक्षरे येत. लहान अक्षराने सुरू होणाऱ्या फाइली पुसून टाकाव्या, अशा हेतूने दिलेली आज्ञा मोठ्या अक्षरांच्या फाइलीही पुसून टाकी. १९९२ च्या पॉसिक्स प्रमाणाने पल्ल्याचा अर्थ लोकेलशी बांधला. २००८ च्या प्रमाणाने ‘सी’ लोकेलबाहेर तो अनिश्चित ठरविला. आणि २०१९ साली बॅशच्या पाचव्या आवृत्तीने पल्ला संकेतांकांच्या क्रमानेच मोजण्याचा पर्याय मूळचाच करून टाकला. म्हणजे क्रम हा शोभेचा, आणि पल्ला हा त्याचा उपयोग, असे मानून चालणाऱ्यांना तीस वर्षांच्या आत आपला निर्णय फिरवावा लागला.

६

ह्या साऱ्यावरून कार्यक्रमलेखकांमध्ये एक मत प्रबळ झाले आहे : सर्वत्र ‘सी’ लोकेल लावावा आणि भाषेची कटकट मिटवावी. ‘ग्नू सी लायब्ररी’च्या २०२२ मधील २.३५ ह्या आवृत्तीने यूटीएफ-८ समजणारा, पण क्रम मात्र संकेतांकांचाच ठेवणारा असा ‘सी’चा एक प्रकार अधिकृतपणे पुरविला, तेव्हापासून ह्या मताला बळकटी आली आहे. हे मत आम्हांस निम्मे मान्य आहे. दोन यंत्रांनी, किंवा एकाच यंत्राने दोन वेळी, तोच निकाल द्यावा अशी जेथे अपेक्षा आहे, तेथे संकेतांकांचा क्रमच प्रशस्त होय. तो सुंदर नाही, मराठी नाही. परंतु तो उद्या बदलणार नाही. याद्यांची तुलना, समान शब्दांचा शोध, मोजदाद ह्या कामांत क्रम हे साधन आहे, आणि साधन स्थिर असले पाहिजे.

परंतु हाच क्रम वाचकापुढे ठेवणे हे दुसरे टोक झाले. शब्दसूचीच्या अखेरीस, अंकांच्याही पलीकडे, ‘ॲरिस्टॉटल’ पाहावयास जावे अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून करणे म्हणजे संकेतकोष्टकाच्या इतिहासाला भाषेचे व्याकरण मानणे होय. छापावयाच्या सूचीला भाषेचाच क्रम हवा. तो कोणता, हे मात्र यंत्राने न सांगता संपादकाने सांगावयाचे आहे. ‘ळ’ कोठे घेतला, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी की पोटात, अनुस्वार आधी की नंतर, जोडरेघ मोजली की नाही, हे चार निर्णय सूचीच्या आरंभी चार ओळींत नोंदविणे कठीण नाही. पुढे ज्या लोकेलने क्रम लावावयाचा, तो त्या निर्णयांप्रमाणे वागतो की नाही हे वर दिलेल्या ‘कंकण’ ते ‘खडू’सारख्या दहाबारा शब्दांच्या यादीवर आधी पडताळून घ्यावे. न वागल्यास क्रम हाताने दुरुस्त करावा. आणि मराठी लोकेलच्या नियमांतच उणीव आढळली, तर ती दुरुस्त करवून घेण्याचे काम भाषाविभागांनी अंगावर घ्यावे. ते यंत्रज्ञांवर सोपविणे म्हणजे आपलेच काम त्यांच्यावर ढकलून मग त्यांना नावे ठेवणे होय.

म्हणून प्रबंधलेखकांस आमची सूचना एवढीच आहे. याद्या जुळविताना प्रत्येक आज्ञेच्या आधी लोकेल स्पष्टपणे द्यावा, आणि त्याचा उल्लेख प्रबंधाच्या पद्धतिविवेचनात करावा. ज्या अर्थी आपण कोणती प्रत वापरली हे सांगतो, त्या अर्थी कोणता क्रम वापरला हेही सांगितले पाहिजे. ‘आढळत नाही’ असे विधान केवळ यंत्राने जुळविलेल्या यादीवरून करू नये. पानांच्या छायाचित्रांना नावे देताना क्रमांक आरंभीच शून्ये घालून सारख्या लांबीचा करावा, म्हणजे ‘००२’ हे ‘०१०’च्या आधीच येईल. अंक देवनागरी असोत की रोमन, एका संग्रहात एकाच जातीचे अंक वापरले तर त्या क्रमाला कोणताही प्रचलित लोकेल धक्का लावणार नाही.

ह्या शेवटच्या सूचनेत नवे असे काही नाही. जुन्या पोथ्यांची पाने शिवलेली नसत. ती दोन फळ्यांत किंवा रुमालात बांधलेली असत. आणि गाठ सुटली, वारा आला की क्रम उधळे. म्हणून पोथी लिहिणारा प्रत्येक पत्राच्या समासात त्याचा आकडा स्वतःच्या हाताने घालीत असे. क्रम बांधणीवर सोपवू नये, तो पानावर लिहावा, हे त्याला कळले होते. लोकेल ही आजची बांधणी आहे. ती चांगली आहे, उपयोगीही आहे. परंतु ती वाचणाऱ्याच्या घरची आहे, पोथीची नव्हे. ज्या क्रमावर आपले विधान उभे राहावयाचे आहे, तो क्रम पत्रावरच लिहिलेला असला पाहिजे.